आज रात्रीचं जेवण झालं की बसू नका

मधुमेही बंधू-भगिनींनो, आणि त्यांच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्यांनो,

देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ साली मांडला. या उंबरठ्यावरच्यांना अजून मागे फिरता येतं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात (२००६) आहार आणि चालणं सुधारलेल्यांचा मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला, तर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांचा २६ टक्क्यांनी.

म्हणून विनंती आहे, ती शतपावलीची. मात्र शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर तास-दीड तासात साखर चढते, आणि चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ती ओढून घेतात. पहाटे फिरून आलो, आता दिवसभर खुर्चीत बसायला मोकळे, हा हिशेब चुकीचा आहे. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी नको.

ताटात आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा अंडं-मासे संपवा, मग भाकरी-भाताकडे वळा. भाकरी चालते म्हणून तीन खाऊ नका, तीही पिष्टच. गूळ, मध, खडीसाखर यांना साखरच समजा. आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं, हा उपवास देवाला चालत असेल, रक्तातल्या साखरेला चालत नाही.

आता सगळ्यात तातडीचं. ‘गोळ्या फेका, कारल्याचा रस प्या’ असे संदेश मोबाइलवर फिरत आहेत. त्यांच्या नादी लागून औषध थांबवू नका. टाइप १ असलेल्याने इन्सुलिन थांबवलं तर जीव जातो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना एकदम जेवण कमी केलं, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा. आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखर खरोखर उतरली की गोळ्या तेच कमी करतील.

तिशी ओलांडली असेल आणि साखर कधीच तपासली नसेल, तर याच आठवड्यात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथे ही तपासणी मोफत होते.