नांव मोठें, नाव कोठें?

आमचें बुलढाणें घाटमाथ्यावर वसलें आहे, आणि ह्या माथ्याची एक मौज आहे. अजिंठ्याच्या डोंगराची ही रांग पाण्याची वांटणी करिते. उत्तरेकडे पडलेला पाऊस घाट उतरून पूर्णेला मिळतो, आणि पूर्णा-तापीच्या वाटेनें पश्चिम समुद्राला जातो. दक्षिणेकडे पडलेला पाऊस पैनगंगेंत उतरून वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी लांबची यात्रा करून पूर्वसमुद्र गांठतो. भूगोलाच्या पुस्तकांतील ही साधी गोष्ट आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं परवां वाचनालयांत अगदीं नव्या थाटानें सांगितली. ते म्हणाले, “ह्या दोन्ही वाटा आतां राष्ट्रीय जलमार्ग आहेत. २०१६ च्या कायद्याची यादी काढून पाहा. ७८ वा जलमार्ग पैनगंगा-वर्धा, १०० वा तापी. आपला जिल्हा दोन्ही समुद्रांना जोडला गेला, आणि तुम्ही मात्र रडत बसतां!”

आम्ही रडत बसलों नव्हतों. नळाला पाणी कोणत्या दिवशीं येणार ह्याची चौकशी करीत होतों. गांवाला पाणी पुरविणारें येळगांवचें धरण ह्याच पैनगंगेवर आहे. तेव्हां जलमार्गाच्या उगमाशीं बसलेल्या माणसांनीं वैशाखांत असली चौकशी करावी, ह्यांत फारसें गैर नसावें.

स्नेह्यांचा हा अभिमान त्यांचा एकट्याचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु यादींत नांव आलें म्हणजे वस्तु हातीं आली, ही समजूत आम्हां शिकलेल्या लोकांत फार खोल रुजलेली आहे, आणि नद्यांच्या बाबतींत ती विशेष अनर्थकारक आहे असें आमचें मत आहे. यादी तरी नीट वाचावी! ७८ वा जलमार्ग म्हणजे पैनगंगेचा खालचा भाग व वर्धा. तो आमच्या जिल्ह्याची वेस ओलांडून पुष्कळ दूर गेल्यावर सुरू होतो. १०० वा मार्ग हतनूरच्या धरणापासून समुद्रापर्यंत ४३६ किलोमीटरांचा. त्याचा आरंभ जळगांव जिल्ह्यांत, आणि वाटेंत सुलवाडें, सारंगखेडें, प्रकाशें येथील बंधारे व शेवटीं उकाईचें प्रचंड धरण. ह्या प्रत्येक भिंतीपाशीं मालानें भरलेली नाव खालीं कशी उतरवावयाची, हा प्रश्न आम्हीं विचारला तेव्हां स्नेह्यांनीं चष्मा पुसावयास काढला.

ह्या कायद्याचा जन्मदिवसही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तो १२ एप्रिल २०१६ रोजीं अंमलांत आला. त्यापूर्वीं देशांत पांच राष्ट्रीय जलमार्ग होते; ह्या एका कायद्यानें त्यांत १०६ ची भर पडून संख्या १११ झाली. मांजरा नदी ह्या यादींत ७० वी आहे. आतां त्याच १२ एप्रिल रोजीं मांजरेच्या खोऱ्यांत काय चाललें होतें तें पाहा. मांजरा धरण कोरडें पडलें होतें, लातूर शहराचे नळ बंद होते, आणि त्या दिवशीं पहांटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातुरांत पोंचली. दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ज्या दिवशीं नदी जलमार्ग झाली, त्याच दिवशीं तिच्या खोऱ्यांतील शहराला पाणी लोहमार्गानें आलें! एखाद्या प्रहसनकारानें हा प्रसंग रचला असता तर आम्हीं त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

ह्यावर उत्तर असें देण्यांत येतें कीं कायदा हा केवळ आरंभ आहे. नांव दिल्यानंतर पाहणी होते, गाळ काढला जातो, धक्के बांधले जातात. पाहणी झाली हें खरें. तिच्या अंतीं ह्या १०६ पैकीं थोडेच मार्ग मालवाहतुकीच्या उपयोगाचे ठरले, हेंही खरें. पण मग क्रम उलटा कां? आधीं बारसें करावयाचें, पेढे वांटावयाचे, आणि मग पाळण्यांत मूल आहे कीं नाहीं हें पाहावयास वैद्य बोलवावयाचा, ही रीत कोणत्या घरची?

आणि वऱ्हाडाच्या बाबतींत तर हा खेळ एकदां खेळून झालेला आहे. गोदावरीवर धवळेश्वरम् येथें धरण बांधून तिच्या मुखाकडील मुलूख ज्यांनीं सुपीक केला, त्या सर आर्थर कॉटन ह्यांचा (ह्यांचें आडनांवच कापूस!) असा ठाम विश्वास होता कीं हिंदुस्थानाला आगगाडीपेक्षां पाण्याची वाट अधिक स्वस्त व अधिक हितकर आहे. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा ह्या नद्यांतून नावा वर न्याव्या, आणि चांदा-हिंगणघाटाकडील व वऱ्हाडांतील कापूस थेट पूर्व किनाऱ्याला उतरवावा, अशी ही योजना होती. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. त्यांतील पहिला दुम्मागुडेम येथें. तेथें नदींत बंधारा घालून, बाजूनें कालवा काढून, नावा चढविण्या-उतरविण्याचे दरवाजे बांधण्यांत आले. सिरोंचा हें तर ‘अपर गोदावरी’ नांवाच्या एका नव्या जिल्ह्याचें ठाणें झालें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. काळ, पैसा, विद्या, सत्ता, सर्व कांहीं अनुकूल होतें.

अनुकूल नव्हती ती एकटी नदी. गोदावरीला पाणी आषाढापासून आश्विनापर्यंत. आमचा कापूस वेंचावयास येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास; सरकी काढून, गांठी बांधून तो बाहेर पडावयास तयार होईपर्यंत पौष-माघ उजाडतो. म्हणजे नदीला पूर असतो तेव्हां कापूस झाडावर, आणि कापूस काठावर येतो तेव्हां नदीच्या तळाचे खडक ऊन खात पडलेले! हा हिशेब शेतकऱ्याच्या पोरालाही तोंडपाठ असतो. खर्च वाढत गेला, आणि १८७१ सालीं सरकारनें तें काम सोडून दिलें. दरम्यान १८६७ सालीं आगगाडी मलकापूर, नांदुरें, शेगांव करीत नागपुरास जाऊन पोंचली होती, आणि १८७० सालीं जलंबहून खामगांवचा फांटा लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्तें सुरूही झाला होता. खामगांवचा कापूस पूर्वसमुद्राचें नांव न काढतां मुंबईस गेला. कॉटनसाहेबांची योग्यता आम्ही जाणतों. त्यांनीं निदान नदींत उतरून दगड फोडले. आमच्या काळीं नुसती यादी छापून तेंच अपयश विकत घेतलें, एवढाच काय तो फरक.

आणखी एक कागद आमच्या स्नेह्यांनीं पाहिला नसावा. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतींत पाण्याच्या वांटपाचा अनुक्रम दिला होता: पिण्याचें पाणी, शेती, वीज, आणि चौथें नौकानयन, उद्योगधंदे त्याच्या मागें. २००२ च्या जलनीतींत हा अनुक्रम बदलला, आणि नौकानयन कारखान्यांच्याही मागें, ‘इतर उपयोग’ ह्या गांठोड्याला टेकून, अगदीं शेवटीं जाऊन बसलें. पंगतीच्या टोंकाला बसविलेल्या ह्या पाहुण्याला चौदा वर्षांनीं एकाएकीं १०६ पदव्या देण्यांत आल्या. वाढपी मात्र अजून त्याच्या पानापर्यंत आलेला नाहीं. धरणांतून आवर्तन केव्हां सोडावयाचें हें ठरविणाऱ्या सभांचीं वृत्तें आम्ही वर्षानुवर्षें वाचीत आलों आहों. पीक, पिणें, कारखाना ह्यांची तेथें घासाघीस होते. नावेचा विषय निघाल्याचें आमच्या वाचनांत एकदांही नाहीं.

येथें कोणी म्हणेल, “नावा आहेतच कोठें?” आहेत. आमचा खरा वाद येथूनच सुरू होतो. ज्यांना नदी म्हणजे पुलावरून दिसणारी एक रेघ एवढीच ठाऊक आहे, त्यांना त्या दिसत नाहींत. पूर्णेच्या, पैनगंगेच्या कांठीं आणि धरणांच्या फुगवट्यावर आजही डोंगे आहेत. ज्याचें गांव एका तीरावर व शेत दुसऱ्या तीरावर राहिलें तो शेतकरी त्यांतून जातो, आणि भोई त्यांतून जाळें टाकतो. भोई लोकांच्या संस्था तलावाचा ठेका घेतात तो साऱ्या वर्षाचा. तलाव मात्र होळीनंतर त्यांच्या हातून निसटूं लागतो. पेनटाकळी, खडकपूर्णा, नळगंगा, कोठेंही जाऊन पाहा. उद्यां जिगांवचें धरण पूर्णेवर भरलें म्हणजे अनेक गांवें उठतील आणि पाण्यापलीकडे जमिनी राहिलेल्या माणसांची संख्या वाढेल. त्यांचाही जीव डोंग्यावरच.

कांहीं वर्षांपूर्वीं मेहकरच्या खालच्या अंगाला पैनगंगेच्या एका घाटावर आम्हांला एक म्हातारा भोई भेटला. त्याचा डोंगा चिखलांत रुतून कलंडला होता, आणि पाणी वीस हात दूर सरकलें होतें. आदल्या सायंकाळीं तो भरल्या पाण्यांत बांधून गेला होता; रात्रीं वर कोठें तरी दरवाजे मिटले. आम्हीं सहज विचारलें कीं पाणी बंद होणार हें ठाऊक नव्हतें काय. म्हातारा हंसला. “मास्तर, पानी कवा सोडतीन अन् कवा बंद करतीन, आमाले कोन सांगते?” आम्ही तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों, ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला देतां आलें नाहीं. त्या पुस्तकांतील लंडनच्या नदीवरचे नावाडी आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात, आणि घरापासून पांच कोसांवरचा भोई ठाऊक नसतो, ह्याबद्दल दोष आमच्याच पदरीं बांधला पाहिजे.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर, स्नेह्यांचा दुसरा आवडता दाखला तोच असल्यानें, तोही पाहूं. इंग्लंड-वेल्समध्यें सुमारें दोन हजार मैलांचें कालव्यांचें व नद्यांचें जाळें एका विश्वस्त संस्थेच्या हातीं आहे, आणि हजारों माणसें नावेलाच घर करून राहतात. हे कालवे टेकड्यांवरून जातात, म्हणून त्यांना पाण्याच्या पायऱ्या केलेल्या असतात. एक नाव एक पायरी चढली किंवा उतरली कीं एक हौदभर पाणी खालीं वाहून जातें, आणि तें माथ्यावरच्या तलावांतून भरून काढावें लागतें. २०२५ सालीं तेथें पाऊस फार कमी झाला, तलाव उतरले, आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग महिनेच्या महिने बंद ठेवावा लागला. पनामाच्या कालव्याचीही हीच कथा: २०२३ च्या अवर्षणांत गातून सरोवर आटलें, आणि दिवसाला छत्तीसच्या आसपास जाणारीं जहाजें पुढें चोविसांच्या आसपास आणावीं लागलीं. म्हणजे पाणी नसलें कीं इंग्रजाचाही कालवा थांबतो. ह्यांत लाज नाहीं. लक्षांत घेण्याची गोष्ट निराळी आहे. तेथें कालवा बंद होतो तेव्हां ‘बंद’ अशी सूचना निघते. कोणत्या दरवाजापासून कोणत्या दरवाजापर्यंत, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणासाठीं, हें लिहिलेलें असतें. तलावांत किती पाणी उरलें हें दरमहा छापलें जातें. परवान्याचे पैसे भरणारा नावाडी त्यावर चिडतो, भांडतो. त्याला भांडावयास कांहीं कागद तरी हातीं असतो! आमच्या भोयालाही ठेक्याचे पैसे भरावे लागतात. त्याला बंदीची सूचना मिळते ती डोंगा कलंडल्यावर.

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करूं नये. तहानलेल्याच्या तोंडचें पाणी काढून नावेखालीं घाला, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या शहराला आठ-आठ दिवसांनीं पाणी मिळाल्याचा अनुभव आहे तेथील माणसाला हें शिकवावें लागत नाहीं. पिणें पहिलें, शेत दुसरें, हा अनुक्रम आम्हांला शिरसावंद्य आहे. पण नाव शेवटीं बसवावयाची असेल तर तसें उघड सांगावें, आणि ज्या नद्यांत उन्हाळ्यांत गुडघाभर पाणी राहत नाहीं त्यांचीं नांवें यादींतून काढून टाकावीं. शंभर खोट्या नांवांच्या गर्दींत चार-दोन खऱ्या जलमार्गांचीही पत जाते. आणि प्रत्येक धरणाखालच्या गांवीं, चावडीवर किंवा घाटावर, एक काळा फळा लावावा: दरवाजे अमुक दिवशीं उघडतील, अमुक दिवशीं मिटतील, तलावांत पाणी इतकें. ह्याला कायदा लागत नाहीं, कोट्यवधि रुपये लागत नाहींत. खडू लागतो, आणि भोई हा पाण्याचा एक हक्कदार आहे ही कबुली लागते. दुसरी वस्तु महाग असावी. एरवीं फळे केव्हांच लागले असते.

आतां आमच्या जिल्ह्याकडे खराखुरा एक कालवा यावयाचा आहे. गोसीखुर्दच्या धरणापासून मोताळें तालुक्यांतील नळगंगेपर्यंत सुमारें ४२६ किलोमीटरांच्या वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला राज्यसरकारनें २०२४ सालीं मान्यता दिली. त्याला आमचा विरोध नाहीं. खारपाणपट्ट्यांतील ज्या घरांत विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, त्यांच्यासमोर विरोधाचा शब्द काढण्याचें धैर्य आम्हांला नाहीं. परंतु आमचे स्नेही आतांच म्हणूं लागले आहेत कीं ह्या कालव्यांतून पुढेंमागें नावा चालतील, आणि तो ११२ वा जलमार्ग होईल. त्यांना आमची विनंती आहे कीं येत्या वैशाखांत, एखाद्या रविवारीं, त्यांनीं आमच्याबरोबर मेहकरास यावें. डोंगा आम्ही भोयांकडून मागून घेऊं, शिदोरी आमच्या घरची. पैनगंगेच्या पात्रांतून ७८ व्या जलमार्गाच्या दिशेनें जितकें जातां येईल तितकें जाऊं. परत येतांना डोंगा कोणीं खांद्यावर घ्यावयाचा, हें मात्र निघण्यापूर्वींच ठरवून घ्यावें.