एंटर युवर चॉइस!

१. ॲड, २. डिलीट, ३. डिस्प्ले, ४. एक्झिट. मंडळी, आठवलं का काही? इंजिनिअरिंगच्या जर्नलमधला तो अजरामर 'मेन्यू ड्रिव्हन प्रोग्राम'! प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल १ दाबतात, मग ४ दाबतात आणि सही करतात. प्रोग्रामही पास, आपणही पास.

पण कुणी १ ऐवजी 'वन' अशी अक्षरं टाईप केली तर? जावाच्या स्कॅनरमधलं नेक्स्टइंट लगेच एक्सेप्शन फेकतं आणि प्रोग्राम आडवा! बरं, ट्राय-कॅच लावून लूप पुन्हा फिरवला तर आणखी मजा. नेक्स्टइंट तो चुकीचा शब्द उचलतच नाही, तिथेच ठेवतं. पुढच्या फेरीला पुन्हा तोच शब्द, पुन्हा तेच एक्सेप्शन, आणि स्क्रीनवर मेन्यू धो धो वाहायला लागतो. आकडा बरोबर दिला तरी एंटर मागे उरतोच. त्यानंतर नेक्स्टलाईनने नाव विचारलं की रिकामं नाव हातात. आता बोला!

माझं मत विचाराल तर सुरुवातीला स्कॅनर शिकवूच नये. २००४ साली जावा ५ मध्ये तो आला. त्याआधी बफर्डरीडरची लांबलचक ओळ घोकावी लागायची, त्यामुळे स्कॅनर सगळ्यांना सोपा वाटला. पण बफर्डरीडर एक गोष्ट पक्की शिकवायचा. वापरणारा देतो ती फक्त अक्षरांची ओळ असते. तिचा आकडा करायचा, आणि होत नसेल तर पुन्हा विचारायचं, हे काम आपलं. गंमत म्हणजे २०२५ मध्ये जावा २५ सोबत नवशिक्यांसाठी जो आयओ क्लास आला, तोही अख्खी ओळच हातात देतो. फिरून पुन्हा तिथेच!

आता पर्याय ४. तिथे सगळे डोळे मिटून सिस्टम डॉट एक्झिट लिहितात, कंसात शून्य. हा म्हणजे थेट मेन स्विच. फायनली ब्लॉकसुद्धा चालत नाही, आणि बफरमधला मजकूर फाईलमध्ये उतरला नसेल तर गेलाच. अहो, लूपची अट खोटी करा, मेन आपोआप संपेल.

खरा घोळ त्या शून्यात आहे. शून्य म्हणजे 'सगळं व्यवस्थित झालं'. पोरं कॅचमध्ये 'एरर' असं छापतात आणि खाली तेच शून्य चिकटवतात. कॉलेजात समोर माणूस असतो, तो वाचतो. नोकरीत मध्यरात्री प्रोग्राम चालवतो शेड्यूलर. तो सहसा फक्त आकडा बघतो. पगाराची फाईल अर्धी वाचून प्रोग्राम 'शून्य' म्हणाला, की पुढचा जॉब खुशाल सुरू! यापेक्षा कॅच न लिहिलेला बरा. मेनमधून एक्सेप्शन बाहेर पडलं तर साध्या प्रोग्राममध्ये जावा स्वतःहून १ देतं.

"पहिल्या वर्षाच्या पोरांना कशाला एवढं?" असं कुणी म्हणेल. पण यात अवघड काय आहे? दहा ओळींचं काम आहे. सवय लागते ती पहिल्याच वर्षी, आणि तिचे परिणाम भोगतो तो कुठला तरी अनोळखी माणूस, ज्याचा पगार एक तारखेला जमा होत नाही.