गोळीआधी पाऊल बघा

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीतला कामगार जड सेफ्टी शूज घालून पाळीभर सिमेंटच्या फरशीवर उभा असतो. संध्याकाळी गुडघे कुरकुरतात, कंबर धरते, हात गोळीकडे जातो. पायाकडे मात्र कुणी बघत नाही.

बघायला हवे. तळपायाची कमान बसली की पाऊल आत कलते, नडगी आत वळते आणि गुडघ्यावर तिरका ताण येऊ शकतो. पायाच्या मापाने बनवलेला इनसोल, म्हणजे बुटात घालायची आधारगादी, काहींचा हा ताण हलका करतो. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 225 जणांच्या चाचणीत अशा इनसोलने जुनाट कंबरदुखीला सहा आठवड्यांत उतार पडला.

तरीही इनसोल रामबाण नव्हे. 2013 मध्ये 12 चाचण्यांचा आढावा घेतला गेला. त्यात गुडघ्याच्या संधिवातासाठी बाहेरची कड उंच केलेले इनसोल साध्या सपाट इनसोलपेक्षा सरस ठरले नाहीत.

म्हणून आधी तपासणी, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि नीट मापाचा बूट. मग बाजारातला तयार इनसोल. त्याने भागले नाही, तरच मापाने बनवलेला महागडा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र थेट डॉक्टर गाठावा.

आणि दौंडच्या उसाच्या फडात साध्या चपलेवर राबणाऱ्या बाईचे काय? चपलेत इनसोल टिकत नाही. तिला आधी बंद, मऊ तळाचा बूट हवा.

पुण्यात वानवडीला लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. रुग्णाच्या मापाने साधने बनवण्याचे तिथले कौशल्य तालुक्यापर्यंत यायला हवे. शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत महिन्यातून एकदा तरी पाऊल तपासणारा तंत्रज्ञ बसवावा, आणि कारखान्यांनी बूट वाटताना प्रत्येकाच्या पायाची लांबी-रुंदी मोजावी.