आकडा कागदावरचा आणि कसोटीवरचा

ऐंशीच्या दशकात भारताने बलाढ्य क्रे महासंगणकाची मागणी केली, तेव्हा अमेरिकेने ती धुडकावली. हवामान अंदाजासाठी मिळाला तो कमी क्षमतेचा, आणि तोही अटींच्या बेड्यांसह. त्या अवमानातूनच १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. परंतु उत्तरार्ध सांगताना आवाज का खाली जातो? ‘परम’मधील ट्रान्सप्युटर चिप ब्रिटिश होती, आणि २०१८ साली पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बसला तो ‘प्रत्यूष’ क्रे कंपनीचाच!

ही परवशता संपवण्यासाठी सी-डॅकने ‘ओम’ या प्रोसेसरचा आराखडा हाती घेतला. ९६ गाभे, प्रत्येकाचे सेकंदाला ३ अब्ज ठोके आणि दर ठोक्याला १६ गणिते. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ४.६ लाख कोटी गणिते होतात. जाहीर झालेले भाकीत हेच.

यावर नाक मुरडणारे ‘विद्वान’ आपल्याकडे कमी नाहीत. भारतीयांच्या भाकितावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा सवाल असतो. त्यांनी इंटेलचे उदाहरण आठवावे. पेंटियम-४ची रचना १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, असे या बलाढ्य कंपनीचे भाकीत होते. प्रत्यक्षात चिप तापू लागली आणि २००४ साली ४ गिगाहर्ट्झची आवृत्तीही रद्द करावी लागली. चूक पाश्चात्त्यांची असली की तो ‘प्रयोग’ आणि आपली असली की ‘नालायकी’; हा मानसिक गुलामीचा न्याय झाला.

मात्र टीकाकारांना उत्तर दिले म्हणजे आपले काम संपत नाही. गुणाकाराने येणारा आकडा ही कमाल मर्यादा असते. स्मृतिकोशातून माहिती वेळेवर पोहोचली नाही, तर गाभे नुसते ताटकळतात. हवामानाच्या गणितात हेच वारंवार घडते. कामाचा दहावा हिस्सा एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर गाभे कितीही वाढवा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे दाखवून दिले. शिवाय ‘ओम’चे गाभे ब्रिटनमधील ‘आर्म’ कंपनीच्या रचनेचे आहेत आणि निर्मितीसाठी आधार तैवानी तंत्राचा आहे. हे लपवून स्वदेशीचा गौरव होत नाही.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत हे कोणाला वेगळे समजावण्याची गरज नाही. शेजारच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा नग तपासणीत उतरल्याशिवाय ग्राहक घेत नाही; नकाशा कितीही सुबक असो. याच परिसराने २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै पाहिला आहे. पंचगंगा पात्र सोडते तेव्हा धरणाचे दरवाजे कधी उघडायचे आणि गोठ्यातली जनावरे कधी हलवायची, हे पावसाच्या अंदाजावर ठरते. तो अंदाज काही तास आधी मिळणे, हीच प्रोसेसरच्या वेगाची खरी किंमत.

म्हणून मागणी एकच. चिप तयार होण्यापूर्वीच, हवामानाच्या प्रत्यक्ष प्रारूपावर ती किती वेग देईल याचे भाकीत प्रसिद्ध करावे आणि चिप हाती आल्यावर मोजमापही तितक्याच ठळकपणे मांडावे. कमी भरले तर कारणासह सांगावे. राष्ट्राभिमान मोजपट्टीला घाबरत नाही. घाबरते ती केवळ घोषणाबाजी. स्वदेशी हे व्रत आहे, आणि व्रताला सत्याचेच अधिष्ठान लागते.