रंग उडालेले देव

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या रंगवायच्या पुस्तकात एका पानावर भाला घेतलेली ग्रीक देवी होती, अथीना. नातीने तिचा झगा तांबडा केला, काठ निळा, केस पिवळेधमक, ओठ लालचुटूक. मी चाळीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे. जित्याची खोड, जाते कुठे! म्हणालो, "अगं, हा दगडी पुतळा आहे. ग्रीकांचे पुतळे पांढरेशुभ्र असतात." मान वर न करता ती म्हणाली, "आजोबा, देवीला कुणी असं बिनरंगाचं ठेवतं का?"

मी गप्प बसलो. चूक माझी होती, आणि ती चूक आहे हे मला ठाऊकही होते. तरी तोंडातून जुनेच वाक्य बाहेर पडले.

आमच्या विद्यार्थिदशेत चित्रकला शिकायची म्हणजे साच्यातून काढलेल्या प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांसमोर तासन् तास बसायचे. अपोलोचे डोके, व्हीनसचे धड, वेदनेने पिळवटलेला लाओकोऑन. कोळशाने छायाप्रकाश दाखवायचा, बस्स. त्या चेहऱ्यांच्या कोऱ्या, बुबुळे नसलेल्या डोळ्यांना आम्ही 'शांत', 'अलिप्त', 'उदात्त' अशी विशेषणे लावत असू. पुढे वर्गात फळ्यासमोर उभा राहून मीही तीच लावली. ते डोळे मुळात कोरे नव्हतेच. त्यांचा रंग उडाला होता, एवढेच. पोपडे निघालेल्या भिंतीला आपण कधी उदात्त म्हणतो का?

खुद्द ग्रीकांना बिनरंगी पुतळा अपुरा वाटत असावा. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने एक हकिकत नोंदवली आहे. प्रॅक्सिटेलीस या थोर शिल्पकाराला कुणी विचारले, तुमच्या पुतळ्यांपैकी तुम्हाला कोणते आवडतात? त्याने सांगितले, ज्यांच्यावर निकिआसचा हात फिरला आहे ते. हा निकिआस चित्रकार होता. युरिपिडीसच्या नाटकातली हेलन तर पुतळ्यावरचा रंग पुसतात तसे आपले सौंदर्य पुसून टाकता आले असते तर, असा आक्रोश करते. प्रेक्षकांच्या रोजच्या पाहण्यात रंगीत पुतळे असल्याखेरीज नाटककार अशी उपमा कशाला देईल?

मग हे पांढरेपण आले कुठून? थोडे मातीतून, थोडे पावसातून, आणि बरेचसे आपल्या डोक्यातून. रंग खलताना मिसळलेली चिकट द्रव्ये कुजली, रंग झडले. पंधराव्या-सोळाव्या शतकात रोमच्या मातीतून पुतळे वर येऊ लागले, १५०६ साली तो लाओकोऑन निघाला, तेव्हा त्यांच्या अंगावर उरलेसुरले होते तेही धुण्या-पुसण्यात गेले. त्या काळच्या शिल्पकारांना वाटले, प्राचीनांना हेच हवे होते. पुढे १७६४ साली विंकेलमान या जर्मन पंडिताचा प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि या समजुतीला शास्त्राचे बळ मिळाले. शरीर जितके पांढरे तितके ते सुंदर, असे त्याचे मत. गंमत म्हणजे हा गृहस्थ जन्मात ग्रीसला गेला नाही. पॉम्पेईत सापडलेली एक रंगीत देवी त्याने पाहिली होती, पण ती ग्रीक कशी असेल म्हणून आधी इट्रस्कन लोकांच्या खात्यावर टाकून दिली!

पुरावे मात्र जमिनीतून डोके वर काढतच होते. १८६३ साली रोमजवळ ऑगस्टस बादशहाचा पुतळा निघाला, त्यावर तांबड्या-निळ्या रंगाच्या खुणा होत्या. १८८६ साली अथेन्सच्या अक्रोपोलिसवर तरुणींचे पुतळे निघाले. इराण्यांनी इसवी सनापूर्वी ४८० साली तिथली मंदिरे फोडल्यानंतर ते पुरले गेले होते, म्हणून त्यांच्या वस्त्रांवरची नक्षी टिकली होती. पंडितांनी टिपणे काढली, चित्रकारांनी नकला केल्या. लोकांच्या मनातला पुतळा पांढराच राहिला.

आणि जिथे पांढरा नव्हता, तिथे तो खरवडून पांढरा करण्यात आला. पार्थेनॉन मंदिराची शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथला संगमरवर जात्या मधाच्या रंगावर जातो. १९३७-३८ साली त्यांच्यासाठी नवे दालन बांधले जात होते आणि पैसे देणारे लॉर्ड डव्हीन यांना शिल्पे शुभ्र हवी होती. कामगारांनी तांब्याची हत्यारे आणि कार्बोरंडम घेऊन ती घासली. अडीच हजार वर्षे ऊन-पाऊस, तोफा आणि चोर सोसलेला पृष्ठभाग तासून काढला. म्हणजे आपल्या कल्पनेशी भूतकाळ जुळेना, तर कल्पना बदलायचे सोडून भूतकाळच घासायचा! ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला होता.

हे सगळे पंडितांच्या वादापुरते राहिले असते तर रविवारच्या सकाळी तुमचा वेळ घेतला नसता. पण पांढऱ्या दगडावरून पांढऱ्या कातडीपर्यंतचे अंतर फार थोडे असते. (वधू-वरांच्या जाहिराती वाचणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.) मुसोलिनीने १९३२ साली रोममध्ये उद्घाटन केलेल्या क्रीडांगणाभोवती पांढऱ्या संगमरवराचे धिप्पाड नग्न खेळाडू उभे आहेत. ते पुतळे ओरडून सांगतात, आम्ही त्या रोमनांचे वारस. कोणत्या रोमनांचे? ज्यांच्या साम्राज्यात आफ्रिका होती, सीरिया होती, आणि ज्यांचे पुतळे रंगीत होते, त्यांचे नक्कीच नाही. हे प्रकरण मुसोलिनीबरोबर संपलेही नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या एका प्राध्यापिकेने लिहिले, की प्राचीन पुतळे रंगीत होते आणि त्यांना पांढरे समजण्यात वंशाच्या अहंकाराचाही भाग आहे. तिला धमक्या आल्या. दोन हजार वर्षांपूर्वी झडलेल्या रंगासाठी!

सिनेमाची तऱ्हा निराळी नाही. २००० सालचा 'ग्लॅडिएटर' आम्ही सहकुटुंब पाहिला. जेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८७२ साली काढलेले, आखाड्यात अंगठे खाली करणाऱ्या प्रेक्षकांचे चित्र पाहून दिग्दर्शक रिडले स्कॉट त्या चित्रपटाकडे वळला. म्हणजे आपण पडद्यावर पाहिले ते एकोणिसाव्या शतकाचे रोम. त्याच जेरोमने उतारवयात स्वतःचे संगमरवरी पुतळे रंगवले, हे सांगितले की माझ्या जुन्या सहकाऱ्यांना अजून खरे वाटत नाही.

आता माझी पंचाईत सांगतो. व्हिन्ट्सेंट्स ब्रिंकमान आणि उल्रिके कोख-ब्रिंकमान या जर्मन दांपत्याने पुतळ्यांवर तिरपा प्रकाश आणि अतिनील किरण टाकून रंगाच्या खुणा शोधल्या आणि तशा रंगीत प्रतिकृती घडवल्या. २००३ साली म्युनिकमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. त्यात एजिना बेटावरच्या मंदिरातला एक धनुर्धर आहे, त्याच्या घट्ट तुमानीवर शंकरपाळ्यांची रंगीबेरंगी नक्षी. मी त्याची छायाचित्रे पाहिली आणि खरे सांगतो, मला ती आवडली नाहीत. सर्कशीतल्या विदूषकाची आठवण झाली. रंग सपाट, जणू पोस्टर कलरचे. काही अभ्यासकही म्हणतात की तळाचा थर सापडतो, पण वरच्या झिलया आणि छटा कशा होत्या हे त्या खुणा सांगत नाहीत. निकिआससारख्याचा हात अधिक हलका असणार. मला हे म्हणणे पटते. पण ते पुराव्यामुळे पटते की कोळशाने वळण लावलेल्या माझ्या डोळ्यांमुळे, हे मात्र मला ठरवता येत नाही.

आणि त्या डोळ्यांचा वारसा माझ्या एकट्याचा नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकात असल्याच प्लास्टरच्या पुतळ्यांवरून मुले घडत होती. त्यांतल्या गणपतराव म्हात्रे यांनी १८९६च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' घडवली. नऊवारी नेसून देवाला निघालेली मराठी तरुणी, आणि चुण्या मात्र ग्रीक देवतेच्या झग्यासारख्या अंगाला बिलगणाऱ्या. अप्रतिम काम आहे, दुमत नाही. पण मूळ ग्रीक पुतळे बहुधा काशाचे, त्यांच्या रोमनांनी केलेल्या संगमरवरी नकला, त्यांचे रंग झडल्यावर युरोपने काढलेले प्लास्टरचे साचे, ते बोटीतून मुंबईला, आणि त्यांच्यावरून शिकलेल्या हातातून उतरलेली आपली मुलगी. तिच्या लुगड्याचा रंग कोणता होता, हा प्रश्न मला वयाच्या साठीपर्यंत सुचला नव्हता. नातीला पहिल्याच दिवशी सुचला असता.

माझ्या कपाटावर अपोलोचे एक प्लास्टरचे डोके आहे, निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी दिलेले. सुट्टी संपायच्या आधी नातीने ते खाली उतरवून मागितले. दोन दिवस मी टाळले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र अंथरले, हिंगुळासारखा तांबडा कालवून दिला, केसांना पिवळी माती. ओठ तिने छान भरले. डोळ्यांपाशी येऊन थांबली, म्हणाली, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, आणि ती मोठी माणसे करतात, तुम्ही करा.

ब्रश मी हातात घेतला होता. ती गेली, शाळा सुरू झाली. अपोलो कपाटावर आहे, ओठ लाल, केस पिवळे. आखणी अजून बाकी आहे.