स्किन टाइप म्हणजे रंग नव्हे, राव!

मागच्या शनिवारी मावसबहिणीबरोबर मॉलमध्ये गेलो होतो. लग्न दोन महिन्यांवर आलंय, खरेदी जोरात. कॉस्मेटिक्सच्या काउंटरवरच्या मुलीने तिच्याकडे जेमतेम तीन सेकंद पाहिलं आणि निकाल दिला, "मॅम, तुमची स्किन टाइप डल आहे. ब्राइटनिंग रेंज घ्या."

च्यायला, 'डल' हा टाइप कधीपासून झाला?

मंडळी, कातडीचे टाइप ठरतात ते मुख्यतः तेलावरून. त्वचेतल्या ग्रंथी सीबम किती सोडतात त्यावर कोरडी, तेलकट, मिश्र किंवा सामान्य. रंगाचा ह्यात काडीचाही संबंध नाही. आणि हे ओळखायला काउंटर लागत नाही. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, तासभर काही लावू नका, मग आरशात बघा. ओढल्यासारखं वाटतंय? कोरडी. सगळीकडे चकाकतंय? तेलकट. फक्त कपाळ, नाक, हनुवटी? मिश्र. खर्च शून्य.

बरं, हा टाइप काही दगडावरची रेघ नाही. आनुवंशिकता, हार्मोन्स, वय, ऋतू, सगळे इनपुट आहेत. मुंबईच्या दमट हवेत चिकचिकणारा चेहरा नऊ तास एसीत बसला की ओढायला लागतो. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ५. आंघोळीचा नेहमीचा साबण ९-१० चा. तो दिवसातून चारदा थोबाडाला घासायचा आणि वर म्हणायचं, "माझी स्किनच ड्राय आहे."

रंगाचंही एक वर्गीकरण आहे, नाही असं नाही. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ते १९७५ मध्ये केलं. कशासाठी? सोरायसिसच्या रुग्णाला अतिनील किरणांचा किती डोस द्यायचा ते ठरवायला! उन्हात कातडी किती भाजते, किती काळवंडते, एवढाच प्रश्न. म्हणजे ते डोसचं टेबल आहे, सौंदर्यस्पर्धेचं गुणपत्रक नव्हे. योगायोग बघा, त्याच १९७५ मध्ये आपल्याकडे फेअर अँड लव्हली आली. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. व्हेरिएबलचं नाव बदललं की लॉजिक बदलतं का, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको.

कुणी म्हणेल, "अरे, छान दिसावंसं वाटलं तर तुझं काय जातं?" कबूल, काहीच जात नाही. पण निदान चुकलं की उपाय चुकतो. त्या दिवशी घरी आल्यावर बहिणीने पर्समधून एक ट्यूब काढली. मैत्रिणीने सांगितलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. तीन आठवड्यांत चेहरा उजळला म्हणे. थांबवली की लालभडक, वर पुरळ. बारीक अक्षरं वाचली तर आत मोमेटासोन. स्टिरॉइड! अशी क्रीम्स महिनोन्‌महिने चोळली की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरुमं येतात, चेहऱ्यावर केस वाढतात. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब पर्समध्ये होतीच. (तुम्हीही वापरत असाल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, मनाने एकदम बंद करू नका.)

आता तिचे उपचार सुरू आहेत. परवा विचारत होती, "दादा, फोटोत लाल दिसेन का रे?"

काउंटरवरच्या मुलीला शिव्या घालणं सोपं आहे, तिला टार्गेट असतं. पण बहिणीच्या डोक्यात हे घातलं कुणी? तिच्या बायोडेटात आधी 'वर्ण: गव्हाळ' होतं. मावशीने ते बदलून 'गोरा' करायला सांगितलं. आणि घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून ती फाइल एडिट कुणी केली? मीच. एक शब्द तर आहे, काय फरक पडतो, असं म्हणून.

पडतो, राव. असो. पुढच्या वेळी कुणी असा बायोडेटा टाइप करायला दिला, तर ती ओळच डिलीट करा. मी तेच करणार आहे.