माहेरचा किनारा

ग्रीस देशाच्या पश्चिमेस आयोनियन समुद्रात झाकिन्थोस नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, लागानासच्या उपसागराकाठी, कालामाकी हे लहानसे गाव वसले आहे. उन्हाळ्यात दूरदूरचे प्रवासी तेथे विश्रांतीसाठी येतात. दिवसभर मुले वाळूत खेळतात, मोठी माणसे पाण्यात डुंबतात. परंतु सूर्य मावळला, की सर्वांनी किनारा सोडावा, असा तेथील नियम आहे.

हा नियम एका मुक्या प्राण्यासाठी आहे. उन्हाळ्यातील रात्री लॉगरहेड जातीची समुद्रकासवी येथे येते, वाळूत खड्डा करते आणि त्यात सुमारे शंभर अंडी घालून समुद्रात परतते. ज्या भागात तिचा जन्म झाला, त्याच भागातील किनाऱ्याकडे ती बहुधा पुन्हा येते. लेकीने बाळंतपणासाठी माहेरी यावे, तसेच हे नाही काय? सुमारे दोन महिन्यांनी पिले रात्री वाळूतून वर येतात आणि उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धाव घेतात. काठावर दिवे लखलखत असतील, तर ती बिचारी वाट चुकतात व प्राणास मुकतात.

त्यांच्या रक्षणासाठी १९९९ साली येथे राष्ट्रीय सागरी उद्यान स्थापन झाले. तरीही सारे सुरळीत झाले नाही. या कासवांच्या रक्षणाचे आवश्यक उपाय ग्रीसने योजले नाहीत, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००२ साली दिला. नियम नुसता कागदावर असून भागत नाही, हेच यावरून दिसते.

कोणी विचारील, "प्रवाशांवर ज्यांचे पोट चालते, त्यांनी कासवांसाठी आपली मिळकत का सोडावी?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. किनाऱ्यालगतच्या आपल्याच जमिनीवर ज्याला घर बांधता येत नाही, त्याचे दुःख खरे आहे. कासवे साऱ्या जगाची ठेव असतील, तर त्यांचा भार एकट्या गावाने का वाहावा? अशा माणसाला योग्य भरपाई देणे हे सरकारचे कर्तव्य होय.

परंतु त्यासाठी नियम मोडणे हा उपाय नव्हे. कालामाकीची शांतता हेच त्या गावाचे धन आहे. जो किनारा रात्री कासवीला निर्धास्त वाटतो, तोच सकाळी माणसाचे मन प्रसन्न करतो. प्रवासी हा चार दिवसांचा पाहुणा. कासवी मात्र माहेरवाशीण. तिच्यासाठी पाहुण्याने रात्रीपुरती जागा सोडली, तर त्यात त्याचे काय उणे होणार?